गालबोट कुणाच्या गालावर?

लॅपटॉप बॅगेला लटकणारा निळा डोळा असो की आजीच्या मुठीतली मीठ-मोहरी... नजरेचा फंडा सगळीकडे सेम! फक्त एक प्रश्न आपण विचारायचा टाळतो. नजर लागते म्हणता, ती नेमकी कुणाची?

उद्या ऑफिसात शिरल्यावर एक छोटासा सर्व्हे करून बघा. शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीच्या पायात काळा दोरा. टीम लीडच्या कारच्या किल्लीला इस्तंबूलहून आणलेला निळा काचेचा डोळा. पार्किंगमधल्या कोऱ्या एसयूव्हीच्या बंपरला एक लिंबू आणि सात मिरच्या, दर शनिवारी एकदम फ्रेश! आणि अप्रेझलचा विषय निघाला रे निघाला की 'टचवूड' म्हणत जो तो लाकूड शोधायला लागतो. (आपली डेस्क सगळी लॅमिनेटची, हा भाग वेगळा!)

आता यातल्या कुणालाही विचारा, 'तू नजर वगैरे मानतोस?' उत्तर ठरलेलं. 'छे रे! आईला बरं वाटतं म्हणून...'

आईला बरं वाटतं, हे खरंच. पण नव्या फ्लॅटचा, साखरपुड्याचा, बाळाच्या चिमुकल्या पावलांचा फोटो टाकताना त्याखाली तो निळा डोळा आपण स्वतःच टाकतो ना? २०१८मध्ये या डोळ्याला अधिकृत इमोजीचा दर्जा मिळाला. म्हणजे मीठ-मोहरीच, फक्त डेटा पॅकवर! आणि हे काही तुमच्या-माझ्यापुरतंच नाही. ८ ऑक्टोबर २०१९ला, दसऱ्याच्या दिवशी, फ्रान्समधल्या मेरिन्याकमध्ये भारताने पहिलं राफेल विमान ताब्यात घेतलं. तेव्हा त्याच्या चाकांखाली लिंबं ठेवलेली सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. मग आपली हॅचबॅक किस झाड की पत्ती!

चुलीतली लॅब टेस्ट

मी मोहोळची. पुणे-सोलापूर हायवेने जाताना सोलापूरच्या अलीकडे पस्तीसेक किलोमीटरवर लागतं ते. ग्रामदैवत नागनाथ. पुण्याहून पंढरपूरमार्गे येणारा पालखी महामार्ग शेवटी येऊन टेकतो तो आमच्याच गावात. आणि तुम्ही 'ऑथेंटिक' म्हणून हॉटेलात खाता ती मालदांडी ज्वारीची भाकरी? त्यातला 'मालदांडी ३५-१' हा नावाजलेला वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रातच निवडला गेला. एवढी जाहिरात पुरे.

तर आमच्याकडे नजरेला सीझन नसतो. ती बाळाला लागते, नवरीला लागते, खिलार खोंडाला लागते. म्हशीचं दूध कमी झालं तरी पहिला संशय नजरेवरच. उभ्या पिकाला लागू नये म्हणून शेतात काठीवर काळं मडकं उलटं घालायचं आणि त्यावर चुन्याने डोळे-दात काढायचे. घर बांधायला काढलं की सळईला काळी बाहुली किंवा जुनी चप्पल. घर पूर्ण झालं की दारावर कोहळा. बाळाच्या मनगटात काळे-पांढरे दृष्टमणी, कपाळावर काजळाची तीट, आणि फारच गोंडस असेल तर गालावर एक्स्ट्रा ठिपका!

माझ्या आजीची पद्धत साधी होती. तिन्हीसांजेला पोर किरकिर करायला लागलं की ती म्हणायची, 'लई नजर लागलीया बग लेकराला. बस हितं.' पाटावर बसवायचं. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या. डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवत नेायची नाही, सावकाश उतरवायची, तोंडाने काहीतरी पुटपुटायचं, शेवटी 'इडा पिडा टळो' आणि मग मागे न बघता सगळं थेट चुलीत! कधी त्याऐवजी भाकरीचा तुकडा ओवाळून बाहेर टाकायचा.

खरी गंमत यानंतरची. मिरच्या जळल्या आणि ठसका लागला नाही, की आजीचा रिपोर्ट तयार. 'बग, केवढी नजर हुती!' आणि ठसका लागला तर? 'थोडी हुती. गेली.' रिझल्ट काहीही येवो, टेस्ट पास!

यामागचं सायन्स सोपं आहे. मिठाच्या खड्यात किंचित पाणी अडकलेलं असतं. आचेवर पडल्यावर त्याची वाफ होते आणि खडा तडतडून फुटतो. मोहरीचंही तसंच, फोडणीत रोज बघतो आपण. मिरचीच्या धुराने ठसका लागतो तो तिच्यातल्या कॅप्सेसिनमुळे. धुमसत्या निखाऱ्यावर मिरची टाकली तर धूर घरभर होतो. भडकलेल्या जाळात टाकली तर ती झटकन जळून जाते, त्यातून चुलीचा धूर बाहेर ओढला जात असेल तर ठसका लागतच नाही. म्हणजे टेस्ट होते ती चुलीची, नजरेची नाही.

पण पोर शांत व्हायचं, हेही तितकंच खरं. तान्ही बाळं संध्याकाळच्या वेळी जास्त रडतात. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास हे रडणं सर्वाधिक असतं आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप कमी होतं, हे बालरोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. थोड्या मोठ्या पोराचं काय? दिवसभर उंडारून दमलेलं असतं. त्याला कुणीतरी गर्दीतून बाजूला घेतं, समोर बसवतं, पाच मिनिटं फक्त त्याच्याकडेच बघतं. कुणाला आवडणार नाही? शिवाय काळजीने हवालदिल झालेल्या घरातल्या बाईच्या हाताला काम मिळतं. मूठभर मिठात एवढं टेन्शन उतरत असेल तर सौदा वाईट नाही, बॉस!

तुझं ते माझं

नजरेवरचा हा विश्वास आपल्याच मातीतला आहे असं वाटत असेल तर थांबा. तुर्कस्तानात निळा मणी, इटलीत मिरचीसारखं दिसणारं लाल शिंग, ग्रीसमध्ये कौतुक केल्यावर तीनदा थुंकल्यासारखं करायचं. आपला 'नजर' हा शब्दच मुळात अरबी, फारसीतून इकडे आला. 'ताईत'सुद्धा तिकडचाच, 'तावीज'चा भाऊ. जॉन रॉबर्ट्स नावाच्या अभ्यासकाने १९७६मध्ये जगभरातल्या १८६ समाजांची माहिती तपासली, तेव्हा सुमारे ३६ टक्के समाजांमध्ये नजरेची समजूत आढळली. म्हणजे हा विश्वास खूप पसरलेला आहे, पण सगळीकडे नाही.

मग तो कुठे रुजतो? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५मध्ये एक कल्पना मांडली. गावातल्या माणसांना वाटतं की जगातल्या चांगल्या गोष्टी मोजक्याच आहेत. जमीन, पाणी, पैसा, आरोग्य, अगदी नशीबसुद्धा. त्यामुळे कुणाला जास्त मिळालं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून गेलं असणार. अशा ठिकाणी मत्सराची भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून आपलं चांगलं झाकायचं, बाळाला 'काळं-बेंद्रं' म्हणायचं, पिकाबद्दल विचारलं तर 'बरं हाय आपलं' एवढंच सांगायचं.

हे वाचलं आणि मला गावाकडच्या विहिरी आठवल्या. उन्हाळ्यात एकाच्या विहिरीला पाणी आणि बांधापलीकडची कोरडी ठाक. तिथे नजरेची भीती वाटणारच.

पण खरं सांगू? त्याहून जास्त मला आपलं अप्रेझल आठवलं! बेल कर्व्ह म्हणजे दुसरं काय? टीममध्ये दहा जण जीव तोडून काम करणार आणि टॉप रेटिंग एक किंवा दोघांनाच. मग ज्याला मिळालं तो गप्प बसतो, पार्टी पुढे ढकलतो, ऑनसाइटचं तिकीट हातात येईपर्यंत कुणाला सांगत नाही. 'उगाच कुणाची नजर नको.' आपण गाव सोडून आलो, पण विहीर मात्र सोबत घेऊन आलो.

गालबोट: एका शब्दाची उलटी कथा

मराठीने या सगळ्याचा सॉलिड हिशोब ठेवला आहे. एखादी गोष्ट फारच सुंदर असेल तर ती 'दृष्ट लागण्यासारखी'. चांगल्या चाललेल्या कामात कुणी मोडता घातला तर त्याने 'बिब्बा घातला'. आणि 'गालबोट' तर बघाच. बाळाच्या गालावर काजळाचं बोट लावायचं ते त्याला वाचवण्यासाठी. पण पेपरात वाचतो काय आपण? 'मिरवणुकीला गालबोट', 'विजयाला गालबोट'. जो ठिपका रक्षण करायचा, तोच डाग झाला.

शब्दाचं असं झालं तर फारसं बिघडत नाही. माणसाचं होतं तेव्हा बिघडतं.

कारण नजर लागली म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच. कुणाची? आणि हे उत्तर शोधताना गल्लीतल्या श्रीमंत सावकाराचं नाव सहसा कुणी घेत नाही. नावं येतात ती ठरलेली. जिला मूल नाही ती. जिचा नवरा गेला ती. जी एकटी राहते ती. निळ्या डोळ्याच्या इमोजीत हे दिसत नाही, पण गावातल्या बारशात पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.

काकूंची कुंची

आमच्या नात्यात एक काकू आहेत. मूलबाळ नाही. हात मात्र असा की बघत राहावं. आमच्या आळीतल्या जवळजवळ प्रत्येक तान्ह्या बाळाची कुंची आणि दुपटं त्यांनी शिवलेलं. सगळ्यात मऊ जुनं लुगडं त्या त्यासाठी जपून ठेवतात. कुंची घरोघरी पोचते. काकू पोचतात, पण दाराजवळच बसतात. स्वयंपाकघरात शंभर माणसांचा भात बघतील, पण पाळण्याजवळ यायच्या नाहीत. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. म्हणायची गरजच पडत नाही. बायका पदर सारखा करतात, बाळ या हातातून त्या हातात जातं, आणि त्या हातांच्या रांगेत काकूंचे हात नसतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या ताईच्या मुलाचं बारसं मोहोळला झालं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. ताई उठली आणि बाळाला घेऊन थेट दाराजवळ गेली. 'काकू, घ्या की याला.'

काकूंनी हात मागे घेतले. हसून म्हणाल्या, 'र्‍हाऊ दे गं. माझी नजर नगं लागायला.'

इतक्या सहज म्हणाल्या, की तेच जास्त लागलं. दुसऱ्यांनी ठेवलेला संशय त्यांनी स्वतःचा म्हणून स्वीकारला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बाळांच्या कुंच्या शिवणारी बाई स्वतःच्या डोळ्यांना घाबरत होती.

ताई वाद घालत बसली नाही. तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि काजळाची डबी पुढे केली. 'मग तीट तुम्हीच लावा.'

घरात एकदम शांतता. आजी काय म्हणेल याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. आजी म्हणाली, 'लाव की गं. बसलीयास काय नुसती?'

काकूंनी तीट लावली. ठिपका जरा मोठाच झाला, हात थरथरत होता ना. बाळाला काय त्याचं! ते काकूंची बांगडी पकडायच्या नादात. त्यानंतर आमच्या घरातल्या बारशांना तीट लावायचा मान काकूंचा झाला. आळीतल्या सगळ्या घरांनी तो दिला असं नाही. दोन घरांनी दिला. पण दोन तर दोन.

ताईने नजर खोटी आहे असं भाषण दिलं नाही, आजीची मीठ-मोहरी बंद केली नाही. तिने फक्त 'कुणाची' या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर बदललं. मला विचाराल तर या विषयातला खरा फंडा तोच आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात हा विषय नुसता गप्पांचा राहिलेला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य घालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. हत्येच्या खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

हा कायदा आला तेव्हा 'आता घरात दृष्ट काढली तरी पोलीस येणार' अशा वावड्या बऱ्याच उठल्या. तसं काहीही नाही. आजीच्या मिठाला कायदा हात लावत नाही. कायद्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत, त्यातल्या दोन आपल्या विषयाला थेट भिडतात. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. आणि अमुक व्यक्ती करणी करते, जनावरांचं दूध आटवते, तिच्यामुळे इतरांवर संकट येतं, असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

म्हशीच्या दुधाचं मी सुरुवातीला गमतीत लिहिलं होतं. कायद्यात ते गमतीत आलेलं नाही. 'म्हैस आटली'पासून 'हिच्यामुळेच आटली'पर्यंत अंतर फार कमी असतं.

अर्थात प्रत्येक गोष्ट पोलीस चौकीपर्यंत जात नाही. काकूंना कुणी मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. त्यांना फक्त दाराजवळ बसवलं. त्यावर कुठलंही कलम लागत नाही. तिथे ताईच लागते.

चौकट: नजरेचं किट, काय चालेल, काय टाळाल?

मीठ-मोहरी: बिनधास्त. फ्लॅटमध्ये मिरच्या जाळणार असाल तर खिडकी उघडा आणि घरात दमेकरी, तान्हं बाळ असेल तर मिरचीला सुट्टी द्या.

काजळ: कपाळावर, कानामागे छोटा ठिपका पुरे. बाळाच्या डोळ्यांत नको. बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसं आढळलं आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं घातक असतं.

बिब्बा: हा धोब्यांनी कपड्यांवर खुणा करायला वापरलेला, आंबा-काजूच्या कुळातला. याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात. बाळाच्या अंगावर अजिबात नको.

गळ्यातला ताईत, दोरा: तान्ह्या बाळाच्या गळ्यात काहीही बांधू नका, झोपेत फास बसू शकतो. सुटा मणी तोंडात गेला तर घशात अडकू शकतो.

ताप, जुलाब, दूध न पिणं: आधी डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी, लगेच. दृष्ट हवी तर परत आल्यावर काढा.

पैसे मागणारा बाबा: आजी फुकट काढते. कुणी त्याचं बिल लावलं, की समजा दुकान आहे.

तर मंडळी...

पायातला काळा दोरा काढून टाका, असं काही मी सांगणार नाही. छान दिसतो तो. बंपरवरच्या लिंबालाही माझा विरोध नाही, फक्त सीटबेल्ट लावा. आईने फोनवर 'फोटो टाकू नकोस, नजर लागेल' म्हटलं तर वाद घालू नका. 'मला तुझी काळजी वाटते' हे वाक्य आपल्याकडे सरळ म्हणायची पद्धत नाही, ते असं वळणानं येतं.

पण पुढचं प्रमोशन हुकलं, गाडी ठोकली, बाळ रात्रभर रडलं आणि मनात 'कुणाची' हा प्रश्न आला, तर तिथे ब्रेक मारा. जे नाव सगळ्यात आधी डोक्यात येईल ते नीट बघा. ती बहुतेक वेळा अशी व्यक्ती असते जिच्याकडे आपल्यापेक्षा काहीतरी कमी आहे. ऑफिसात असेल, सोसायटीत असेल, घरातच असेल.

पुढच्या बारशाला, डोहाळजेवणाला, वास्तुशांतीला गेलात की दाराजवळ कोण बसलंय ते जरा बघा. आणि काजळाची डबी तिच्या हातात द्या.